वेग तोच, मग ठोके का वाढतात?

ट्रेडमिलवर एकच वेग लावून पाऊण तास पळून पाहा. दहाव्या मिनिटाला मनगटावरचं घड्याळ हृदयाचे मिनिटाला १४० ठोके दाखवत असेल, तर चाळिसाव्या मिनिटाला १५५ दाखवू शकतं. वेग वाढवलेला नाही, चढही दिलेला नाही. हे पाहून पुष्कळांना वाटतं, दम कमी पडतोय. मला मात्र हे वरचे पंधरा ठोके विलक्षण देखणे वाटतात, कारण ते बहुतांशी पळण्याचे नसून उष्णतेचे असतात.

स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेतली जेमतेम २० ते २५ टक्के हालचालीच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात बऱ्यापैकी वेगाने पळताना ८०० वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. ती कोंडून राहिली, तर दर पाच मिनिटांना शरीर एक अंश सेल्सिअसने तापेल. अर्ध्या तासात ४३ अंश! ही उष्णता आतून कातडीपर्यंत वाहून नेतं ते रक्त. पण स्नायूंना ऑक्सिजन पुरवणारं रक्तही तेच. म्हणजे माल एक आणि गिऱ्हाइकं दोन.

आता खरी गंमत. हृदय एका ठोक्यात १२० मिलिलिटर रक्त फेकत असेल, तर १४० ठोक्यांना मिनिटाला सुमारे १६.८ लिटर होतात. १५५ ठोके झाले, तरी एकूण रक्त जवळपास तेवढंच राहतं. दर ठोक्याचा वाटा मात्र १०८ मिलिलिटरवर येतो. तो का घटतो? जुनं उत्तर असं, की कातडीच्या शिरा फुगतात, रक्त तिथे रेंगाळतं, घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होतं, म्हणून हृदयाकडे परतणारं रक्त आटतं. घामाने पाणी बरंच गेलं असेल तर हे खरंच आहे. पण कार्यकारणभाव उलटाही चालतो. हृदयाची लय ठरवणारी सायनस गाठ स्वतःच तापते आणि भराभर ठोके देऊ लागते. १४० ठोक्यांना एका चक्राला ०.४३ सेकंद मिळतात, १५५ ला ०.३९. ही कपात मुख्यतः हृदय सैल पडून भरण्याच्या वेळेतून होते, आणि कमी भरलेलं हृदय कमीच फेकणार. सायकल चालवणाऱ्यांना बीटा-ब्लॉकरची, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या औषधाची, लहान मात्रा देऊन ठोके वाढू दिले नाहीत, तेव्हा दर ठोक्याचं रक्तही घटलं नाही. कातडीतला रक्तप्रवाह मात्र होता तसाच राहिला; म्हणजे घट कातडीकडे गेलेल्या रक्तामुळे नव्हती, वाढलेल्या ठोक्यांमुळे होती. इतका साधा आणि इतका नेमका प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो.

म्हणूनच पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून ‘चरबी वितळवणाऱ्या’ जाहिरातींचा मला मनापासून राग येतो. घाम म्हणजे चरबी नव्हे. एक लिटर घाम अंगावरून वाफ होऊन उडाला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. प्लॅस्टिकखाली तो उडतच नाही. शरीर तापत राहतं, हृदय जास्त राबतं आणि काट्यावर घटलेलं वजन पाणी प्यायलं की परत येतं.

शरीर उष्णतेला सरावतंही. रोज थोडा वेळ उष्ण हवेत व्यायाम केला, तर पहिल्याच आठवड्यात रक्तातला द्रवभाग वाढतो. हृदय पुन्हा नीट भरू लागतं, घाम लवकर सुटतो, आणि त्याच वेगाला घड्याळावरचा आकडा खाली आलेला दिसतो.