जहांगीरला लागलेलं प्रदर्शन आणि एनजीएमएमधलं प्रदर्शन

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे एनजीएमएमध्ये, चित्रकार सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. मी मावशीच्या मागेच लागले, ठाण्याचे डॉक्टर आहेत, लोकल, इराण्याचं हॉटेल, रस्त्यावरची माणसं, सगळं आपलं रोजचं चितारलंय, तू बघच. ती बिचारी डोंबिवलीहून निघाली, सीएसएमटीला उतरून चालत गेली आणि तिथून फोन, "अगं इथे कुणाची तरी निसर्गचित्रं लावलीयेत, पटवर्धन कुठायत?" जहांगीर आर्ट गॅलरीत गेली होती. तिची काही चूक नाही, तिला सांगणाऱ्या तिघांनी "जहांगीरला लागलंय" असंच सांगितलं होतं. हा घोळ मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

जहांगीर आर्ट गॅलरी तुम्हाला माहीतच आहे, काळा घोडा, १९५२ ची इमारत, पूर्वी आत समोवार कॅफे होतं ते २०१५ ला बंद झालं. एनजीएमए तिथून चालत पाचच मिनिटं, रीगलच्या चौकात, वस्तुसंग्रहालयाच्या समोरच्या बाजूला. आता गंमत अशी की एनजीएमए ज्या इमारतीत आहे तिचं नाव सर कावसजी जहांगीर हॉल. १९११ चा, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटने बांधलेला. सभा, भाषणं, मैफली सगळं तिथे व्हायचं, मग हॉलला वाईट दिवस आले, शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि गॅलरी चालवणारे केकू गांधी यांच्यासारख्या लोकांनी लावून धरलं म्हणून १९९६ ला तिथे संग्रहालय उघडलं. देणगीदारसुद्धा एक नव्हेत, हॉलला पैसे दिले वडिलांनी आणि गॅलरीला मुलाने, दोघांचंही नाव सर कावसजी जहांगीर. म्हणजे नावाचा गोंधळ होणारच, त्याबद्दल मी कुणाला बोलणार नाही. एनजीएमएला तिकीट आणि सोमवारी बंद, जहांगीरला फुकट, हेही एकदा गेलात की कळतं.

खरा घोळ पुढे आहे. दोन्हीकडे आपण "प्रदर्शन" म्हणतो, पण ते प्रदर्शन कुणाचं असतं?

जहांगीरला ते चित्रकाराचं असतं. तो अर्ज करतो, कामाचे फोटो देतो, निवड झाली की तारीख मिळायला काही वर्षं थांबतो, मग हॉलचं भाडं भरतो, टेम्पो करून चित्रं आणतो, आणि आठवडाभर तिथे स्वतः बसतो. दारापाशी छोटं टेबल, त्यावर अभिप्रायाची वही आणि किमतीचा कागद. एखाद्या चित्राशेजारी लाल टिकली चिकटली की समजायचं विकलं गेलं. कोल्हापूर, सांगलीकडून आलेली मुलं त्या लाल टिकलीकडे कशी बघतात ते मी पाहिलंय, आठवड्याचा अख्खा खर्च त्या एका टिकलीवर असतो. आठवडा संपला की भिंती रिकाम्या, दुसरा चित्रकार टेम्पो घेऊन हजर.

एनजीएमएमध्ये प्रदर्शन संस्थेचं असतं. चित्रकाराने हॉल घेतलेला नसतो, क्युरेटर, म्हणजे चित्रं निवडून मांडणारा जाणकार, ते उभं करतो, चित्रं संग्राहकांकडून, इतर संग्रहांतून मागून आणतात, महिनोन् महिने लावून ठेवतात, विकायला काही नसतं. लेबलवर किंमत नसते, चित्र कुणाच्या संग्रहातलं ते असतं. आणि बरेचदा अख्खी इमारत एकाच माणसाला देतात. पटवर्धनांचं तसंच होतं, नॅन्सी अडजानिया यांनी क्युरेट केलेलं, अर्धगोल मजले एकेक चढत घुमटापर्यंत गेलात की माणसाची सगळी वर्षं पायाखालून जातात. याला म्हणायचं सिंहावलोकन प्रदर्शन. जहांगीरला बहुतेकदा गेल्या दोनचार वर्षांतलं नवं काम दिसतं. अपवाद दोन्हीकडे आहेत, पण मुख्य रीत ही.

चित्रकार प्रभाकर बरव्यांचंच बघा. १९९५ ला गेले, त्यांचं प्रदर्शन एनजीएमएमध्ये फेब्रुवारी २०१९ ला झालं, म्हणजे अर्ज करायला, टेबलापाशी बसायला चित्रकारच नव्हता. अशा माणसाचं काम पुन्हा गोळा करायचं तर संस्थाच लागते. आणि त्याच उद्घाटनात अमोल पालेकर बोलायला उभे राहिले, स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या बंद केल्या, आता कुणाची प्रदर्शनं लावायची ते दिल्लीत ठरणार का असं विचारायला लागले तर त्यांना मध्येच थांबवलं. तेव्हा सगळीकडे गाजलं होतं. हा प्रश्न एनजीएमएमध्येच पडतो, कारण तिथे कुणाला भिंत द्यायची हे सरकारी संस्था जनतेच्या पैशाने ठरवते. म्हणून तिथली जुनी प्रदर्शनं चाळताना मी कोण होतं यापेक्षा कोण नव्हतं हे जास्त बघते.

आणि म्हणूनच "अमक्याचं जहांगीरला झालं म्हणजे म्युझियमने घेतलं" असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. उलटंही तितकंच खटकतं, "जहांगीर काय, पैसे भरले की मिळतं". नाही मिळत. निवड आहे, वर्षानुवर्षांची रांग आहे, आणि गॅलरीवाल्यांची ओळख नसलेल्या चित्रकाराला मुंबईत मोकळं उभं राहायला दुसरी इतकी मोठी जागा दाखवा मला.

मला स्वतःला एकच रविवार मिळाला तर मी एनजीएमएला जाईन, घुमटाखाली बसेन. पण चित्रकाराशी बोलायचं असेल, "हा निळा कसा आणलात" असं विचारायचं असेल, तर जहांगीरच.

मावशीला मी त्या दिवशी फोनवरच रस्ता सांगितला, वस्तुसंग्रहालयाची भिंत धरून रीगलकडे चल आणि रस्ता ओलांड. पण निघायच्या आधी तिने निसर्गचित्रंवाल्याच्या वहीत चार ओळी लिहिल्या होत्या, तो मुलगा साताऱ्याचा निघाला.