पालकांचा वर्ग आणि पालकांचा आधारगट: दोन्ही शनिवारीच असतात, म्हणून

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप फिरला. 'पालकांसाठी विशेष कार्यक्रम. शनिवारी संध्याकाळी ५ वाजता. प्रवेश मोफत, चहापानाची सोय.' ठिकाण नौपाड्यातलं, खाली एक फोन नंबर. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने (मुलगी म्हणते मी तिला, पण तिचाच मुलगा आता सातवीत आहे) लिफ्टमध्ये विचारलं, "काकू, तुम्ही जाता तेच का हे?"

मी म्हटलं, "काय माहीत." खरंच माहीत नव्हतं. त्या चार ओळींमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही असू शकत होती. एक म्हणजे पालकांचा वर्ग, जिथे मुलांच्या मनाच्या तक्रारी ओळखायला आणि घरात त्यांच्याशी वागायला शिकवतात. दुसरी म्हणजे पालकांचा आधारगट. तिथे कुणी काही शिकवत नाही. दोन्हीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन्हीकडे चहा, दोन्हीकडे आया जास्त आणि बाप कमी. घरून निघताना नवरा विचारतो, "परत ते पालकांचं का?" त्याच्या लेखी दोन्ही एकच.

हा घोळ नावांमुळे होतो, आणि नावं तशी का पडतात हे ठाणेकराला सांगायला नको. जरा कुणी विचित्र वागलं की 'याला ठाण्याला न्या' म्हणायची मुंबईकरांची खोड जुनी आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, म्हणजे चेष्टाही जवळपास तेवढीच जुनी असावी. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये याच गावात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याचा विषय इस्पितळाच्या भिंतीबाहेर, चारचौघांत आणला. तरी आजही फलकावर 'मानसिक' हा शब्द दिसला की शेजारचे बघतील म्हणून माणसं पाय मागे घेतात. आयोजकांनाही ते ठाऊक असतं. मग 'पालक मेळावा', 'पालक कट्टा', 'सुजाण पालकत्व', 'संवाद' अशी कुणालाच न बोचणारी नावं येतात. लाज झाकायला ठेवलेल्या या नावांखाली वर्ग आणि गट दोन्ही झाकले जातात, आणि ज्याला एक हवं असतं तो दुसरीकडे जाऊन बसतो. माझं तेच झालं होतं.

माझा मुलगा नववीत असताना शाळेत जाईनासा झाला. रोज सकाळी पोट दुखायचं. बालरोगतज्ज्ञ झाले, सोनोग्राफी झाली, आणि शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञांनी शांतपणे 'चिंता' हा शब्द उच्चारला. त्यानंतर नवव्या दिवशी मी एका वर्गाला जाऊन बसले. कुणीतरी सांगितलं होतं, 'तिथे मन मोकळं होतं'. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, विषयही माझ्याच घरातला होता. पण मी हात वर करून बोलायला लागले, दोन वाक्यं झाली, आणि बाई म्हणाल्या, "व्यक्तिगत प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी वेळ उरला नाही. मी बेसिनपाशी जाऊन रडले आणि रिक्षाने घरी आले. पुढे दोन महिने त्या बाईंवर राग धरला. आता कळतं की चूक त्यांची नव्हती. सहा शनिवारांत सहा विषय संपवायचे असतील, तर पंचवीस माणसांची रडगाणी ऐकता येत नाहीत. चूक 'मन मोकळं होतं' असं सांगणाऱ्यांची होती.

दोन महिन्यांनी त्याच वर्गाच्या पुढच्या फेरीला पुन्हा गेले, आणि तेव्हा त्याची ताकद कळली. पहिल्याच दिवशी तीन रकाने आखायला लावले: आधी काय झालं, मूल काय वागलं, नंतर काय झालं. घरी जाऊन आठवडाभर भरायचे. माझी वही अजून आहे. सोमवार: आधी, ६.४० ला दप्तर भरायला सांगितलं. वागणं, पोट धरून पलंगावर आडवा. नंतर, मी म्हटलं 'बरं, आज राहू दे'. शेजारी बारीक अक्षरात: नऊला पोहे मागितले, दोनदा घेतले. मंगळवारी तेच. गुरुवारीही तेच, फक्त पोह्यांऐवजी उपमा. पानभर भरून झाल्यावर तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, तर त्यात त्याचं काहीच नव्हतं. सगळं मीच केलेलं होतं.

त्यामागचं यंत्र वर्गात समजावलं. ज्याची भीती वाटते ते टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच दुसऱ्या दिवशीची भीती वाढवतं. पोट खरंच दुखत असतं, नाटक नसतं. पण घरी राहू दिल्यावर होणारी सुटका मुलाला मिळते तशी आईलाही मिळते. म्हणून दोघं मिळून ती सवय घट्ट करतात. उपाय पायऱ्यांचा: आधी फक्त शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत, मग एक तास, तोही चित्रकलेचा, मग मधल्या सुट्टीपर्यंत. प्रत्येक पायरीवर भीती आपली आपण ओसरेपर्यंत थांबायचं. हे मला गटात दहा वर्षं बसून सुचलं नसतं. शिकवावंच लागतं.

वर्गाच्या बाजूने अभ्यासाचं पाठबळही भक्कम आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की इस्पितळातून बरे होऊन बाहेर पडलेले रुग्ण आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतले की पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण जास्त दिसतं. त्यातून घरातली टोचून बोलणी, वैरभाव आणि नको इतकं गुंतणं मोजायची पद्धत निघाली. पुढे दिसलं की कुटुंबाला आजार समजावून सांगितला, बोलायची रीत शिकवली, तर स्किझोफ्रेनियासारख्या आजारात उलटून येण्याचं प्रमाण कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २ ते ९ वर्षांच्या, विकासात मागे पडणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी कौशल्यांचा एक कार्यक्रम आहे: नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी. आकडा ठरलेला. वर्गाची हीच खूण, त्याला शेवट असतो.

आता गट. इथे सांगायची पंचाईत आहे, कारण गटाचा पहिला नियमच 'इथलं इथेच' हा. तेव्हा दुसऱ्या कुणाचं काही सांगणार नाही, माझं तेवढं सांगते. गटात फळा नसतो, विषय नसतो, खुर्च्या गोलात असतात. बोलायचं नसेल तर 'पास' म्हणायचं, कुणी कारण विचारत नाही. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा. हा नियम आपल्या माणसांना फार जड जातो. आमच्याकडे 'माझं ऐका' आणि 'तुम्ही असं का नाही करत' या दोन वाक्यांवर बंदी आहे आणि ती दर बैठकीला निदान तीनदा मोडते. गट चालवणाऱ्या ताई तेव्हा फक्त हात वर करतात, सगळे हसतात, बोलणारा जीभ चावतो.

चौथ्या की पाचव्या बैठकीत मी म्हणाले, "मला त्याची काळजी वाटत नाही हल्ली. मला त्याचा राग येतो." हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच. बोलून झाल्यावर मी खाली फरशीकडे बघत बसले. कुणी हुंकारसुद्धा दिला नाही. मग शेजारच्या बाईंनी बिस्किटांची ताटली माझ्या मांडीवर ठेवली, आणि समोर तीन माना हलताना दिसल्या. बस, एवढंच. मुलाची चिंता त्या दिवशी तसूभरही कमी झाली नाही. मी मात्र घरी जाऊन त्याच्याशी ओरडल्याशिवाय बोलू शकले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ च्या, १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं. म्हणजे तेरा-चौदा मुलांमागे एक. आमच्या दोन विंगांत मिळून तीन-चार घरं तरी निघायला हवीत. मला एकही ठाऊक नव्हतं. गटाने दिली ती ही ओळख.

उलटी गफलतही होते, आणि ती जास्त महागात पडते. गटात येऊन माहिती शोधणारे पालक असतात. कुठल्या गोळीने झोप येते, किती दिवस द्यायची, कुणी बंद करून पाहिली का. समोरचा पालक प्रामाणिकपणे आपला अनुभव सांगतो, पण तो अनुभव एका मुलाचा असतो. चांगल्या गटात अशा वेळी चालवणारी व्यक्ती थांबवते आणि डॉक्टरांकडे पाठवते. जिथे थांबवत नाहीत त्या गटात मी तरी परत जाणार नाही. गुप्ततेतही फरक आहे. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांना २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे. गटातल्या शेजारणीला फक्त तिच्या शब्दाचं.

शिकवणारा तज्ज्ञ असला की वर्ग आणि पालक असला की गट, अशी सोपी वाटणी करू नका. अमेरिकेत १९७९ मध्ये मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबांनी उभी केलेली नामी ही संघटना आहे. तिचा पालकांसाठीचा सहा सत्रांचा वर्ग प्रशिक्षण घेतलेले पालकच शिकवतात. त्याच संघटनेचे कुटुंबीयांचे आधारगटही आहेत, त्यांना सत्रांची संख्या नाही. घर एक, पण दारं त्यांनी मुद्दाम वेगळी ठेवली आहेत.

शहाणपण नेहमी वर्गातून गटाकडेच वाहतं असंही नाही. एके काळी स्वमग्नता (ऑटिझम) आईच्या थंडपणामुळे होते असं मोठमोठे तज्ज्ञ शिकवत. कित्येक आयांनी तो दोष मान खाली घालून ऐकून घेतला. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये हे मत खोडून काढलं, आणि पुढच्याच वर्षी पालकांना जमवून संघटना उभी केली. आपल्याकडे दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ मध्ये अॅक्शन फॉर ऑटिझम सुरू केली. आज वर्गात 'दोष कुणाचा नाही' हे पहिलं वाक्य असतं ना, ते अशा आईबापांनी तिथे नेऊन ठेवलं आहे.

आणि दोन्ही म्हणजे उपचार नव्हेत. मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, खाणंपिणं सोडत असेल, तर शनिवारची वाट बघायची नाही. डॉक्टर गाठायचा. रात्री कुणी हाताशी नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून. मोफत, चोवीस तास.

तर तो निरोप. मी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला म्हटलं, फोन कर आणि एवढंच विचार: एखादा शनिवार चुकला तर चालेल का? तिने जिन्यातच स्पीकरवर फोन लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "शक्यतो चुकवू नका, मॅडम, सहाचे सहा एकमेकांना जोडलेले आहेत. वही-पेन आणा."

"वर्ग आहे," मी म्हटलं. "चांगलं आहे, जा."

ती फोन हातात तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "काकू, वही भरण्याइतकं डोकं नाहीये हो सध्या. वर्ग पुढच्या फेरीला करीन."

मी म्हटलं, मग शनिवारीच सव्वासहाला गेटपाशी ये, आमच्या गटाला, आपण चालतच जाऊ.

"तिथे बोलावं लागतं?"

"नाही."