मोटारीत स्पीकर स्वतः बसवणे

मोटारीत कारखान्यातून बसवून आलेले स्पीकर काढून त्या जागी दुसरे, बहुधा अधिक चांगल्या प्रतीचे स्पीकर मालकाने स्वतः बसवण्याचे काम. त्याला मोजकीच हत्यारे लागतात आणि सवडीने केले तरी चार स्पीकर एका दिवसात बसतात. मात्र आवाज कसा येईल हे स्पीकरच्या किमतीपेक्षा तो दारात कसा बसला आहे यावर जास्त अवलंबून असते, आणि हौशी माणसाचे दुर्लक्ष नेमके तिथेच होते.

अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला. त्या काळी एकच स्पीकर पुरत असे. फोर्डने १९६६ च्या मॉडेलांमध्ये आठ-ट्रॅक टेप प्लेअरची सोय दिली आणि डावा व उजवा असे दोन वेगळे आवाज गाडीत आले. ते वेगळे ऐकू यायचे तर स्पीकर दोन बाजूंना हवेत. आज पुढचे स्पीकर बहुधा दारातच असतात. पण दार हे पातळ पत्र्याचे, भोकांनी भरलेले, आत पाणी शिरणारे आणि दिवसातून कितीतरी वेळा आपटले जाणारे. ध्वनीच्या दृष्टीने याहून गैरसोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

निवड करताना आधी माप पाहावे. सव्वापाच इंची, साडेसहा इंची आणि मागच्या फळीवरचे ६ × ९ इंची अंडाकृती ही मापे सर्रास मिळतात. व्यास जुळला तरी खोली जुळेलच असे नाही. काच पूर्ण खाली केली की ती स्पीकरच्या मागून जाते. म्हणून खोली मोजायची ती काच खाली करूनच. कोअॅक्शियल प्रकारात ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, मोठ्या कोनाच्या (स्पीकरच्या शंकूसारख्या हलत्या भागाच्या) मधोमध असतो आणि तो बसवायला सोपा. कंपोनंट संचात ट्वीटर वेगळा, कानाच्या जवळ बसवता येतो, सोबत उंच आणि खालचे स्वर वेगळे करून देणारा क्रॉसओव्हर असतो. त्यात आवाज डॅशबोर्डच्या उंचीवरून आल्यासारखा वाटतो, पण वायरिंग वाढते.

खोक्यावरच्या मोठ्या वॅट आकड्याला भुलू नये. तो क्षणिक कमाल मर्यादेचा असतो. पाहायचा तो सतत पेलता येणारा, म्हणजे आरएमएस आकडा. हेड युनिटवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर, ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असले तरी गाडीच्या सुमारे १४ व्होल्टवर चार ओहमच्या (ओहम हे विद्युत रोधाचे माप) स्पीकरला स्वच्छ अशी साधारण २० वॅटच शक्ती मिळते. वेगळा अॅम्प्लिफायर नसेल तर संवेदनशीलता जास्त असलेला, म्हणजे तेवढ्याच शक्तीत मोठा वाजणारा स्पीकर घ्यावा: ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्ती दिल्यासारखेच. ओहमचा आकडा हेड युनिटला चालणाऱ्या आकड्यापेक्षा कमी नसावा, नाहीतर ते तापते.

कामाची सुरुवात बॅटरीची ऋण वायर सोडवून करतात. दारात किंवा सीटमध्ये एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटे थांबायचे आणि तिच्या कपलरला (वायर जोडणाऱ्या खटक्याला) हात लावायचा नाही. दाराच्या पॅनलचे काही स्क्रू हँडलच्या खोबणीत किंवा छोट्या झाकणांखाली दडलेले असतात. उरलेले पॅनल क्लिपांवर असते. स्क्रू सगळे निघाल्याशिवाय ओढाताण केली तर पॅनलच तुटते. प्लॅस्टिकची पट्टी वापरली तर रंग खरचटत नाही. सुटलेले पॅनल वायरींवर लोंबकळत ठेवू नये. जुना स्पीकर रिव्हेटने ठोकलेला असल्यास रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात. तेव्हा उडणारा लोखंडी कीस लगेच पुसून घ्यावा, कारण नव्या स्पीकरचा मॅग्नेट तो ओढून घेतो आणि कॉईलच्या फटीत गेलेला कण कायम खरखरत राहतो.

मूळ वायर कापण्यापेक्षा त्या गाडीसाठी मिळणारा जोड-कपलर वापरणे केव्हाही चांगले. स्पीकरची रुंद पट्टी धन, अरुंद पट्टी ऋण. खात्री नसेल तर वायर हेड युनिटपासून सोडवून तिला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा: सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले असेल तर कोन बाहेर येतो. एकाच स्पीकरची टोके उलटी लागली तर डाव्या-उजव्या स्पीकरचे कोन विरुद्ध दिशांनी हलतात, दोघांचा खर्ज (खालचे जाड स्वर) एकमेकांना मारतो आणि नवे स्पीकर जुन्यापेक्षाही पोकळ वाटू लागतात. आधुनिक हेड युनिटमध्ये ऋण वायरलाही सिग्नल असतो; ती बॉडीला अर्थ केली तर आतला अॅम्प्लिफायर जळू शकतो.

खरा फरक पडतो तो बसवणुकीत. कोनाच्या मागून निघालेला आवाज पुढच्या आवाजाच्या उलट असतो. स्पीकरच्या कडेला किंवा दाराच्या आतल्या पत्र्यात फट राहिली की दोन्ही मिसळतात आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून स्पीकर ज्यावर बसतो ती रिंग पत्र्याला घट्ट आवळावी, मध्ये फोमची पट्टी द्यावी. रिंग प्लॅस्टिकची असावी. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची) उघडी रिंग ओलीने फुगते. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिल रबराची, कंप शोषणारी डॅम्पिंग शीट चिकटवली की दाराचा टिनपाट आवाज थांबतो. तळाची पाणी निघून जायची भोके मात्र कधीही बुजवू नयेत. पॅनलमागचा प्लॅस्टिकचा पडदाही पुन्हा नीट चिकटवावा, नाहीतर पावसाचे पाणी केबिनमध्ये येते. काही गाड्यांत धडक ओळखणारा दाब-सेन्सर दारातच असतो. त्याच्या तोंडावर शीट येऊ देऊ नये आणि दारात नवी मोठी भोके पाडू नयेत.

पॅनल चढवण्याआधी काच वर-खाली करून पाहावी आणि बॅलन्स (डावे-उजवे) व फेडर (पुढचे-मागचे) फिरवून प्रत्येक स्पीकर एकेकटा ऐकावा. हेड युनिटमध्ये अगदी खालचे स्वर अडवणारा हाय-पास फिल्टर असेल तर तो ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला की लहान कोनावरचा ताण उतरतो. पॅनल बसल्यावर खर्जाला काही थरथरले तर गाणे चालू ठेवून पॅनलवर हाताने जागोजागी दाबत जावे. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथे बहुधा एखादी क्लिप बसलेली नसते किंवा सुटी वायर पत्र्याला लागत असते.