अंडवाहिनीतील वाढी व वंध्यत्व

गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना असलेल्या, प्रत्येकी सु. १०–१२ सेंमी. लांबीच्या नलिकांत (अंडवाहिन्यांत) होणाऱ्या गाठी, पॉलिप (अस्तरावरील मांसल कोंब) व पुटी (द्रवाने भरलेल्या पिशव्या). बहुतेक साध्या असतात आणि दिवस राहत नाहीत म्हणून तपासणी झाली की उघडकीस येतात.

गर्भाशयाच्या कोपऱ्यालगतचे पॉलिप सहसा १ सेंमी.हून लहान असतात. एचएसजी या क्ष-किरण तपासणीत रंगद्रव त्यांना वळसा घालून पुढे जातो. त्यामुळे त्यांनाच वंध्यत्वाचे कारण ठरवणे धाडसाचे आहे. उलट कधी तपासताना नळीचे तोंड नुसते आकसते आणि अहवालात ‘ट्यूब ब्लॉक’ येते.

नळीच्या अरुंद भागातील ‘सॅल्पिंजायटिस इस्थमिका नोडोसा’ या गाठाळ विकाराच्या उगमाबद्दल जुना वाद आहे. विकृतिशास्त्रज्ञ हान्स किआरी यांनी १८८७ मध्ये त्याचे वर्णन करून तो दाहजन्य मानला. दुसरे विकृतिशास्त्रज्ञ फोन रेक्लिंगहाउझेन यांनी अशा ग्रंथियुक्त गाठींचे मूळ भ्रूणावस्थेतील वुल्फियन नलिकेच्या अवशेषांत शोधले. तिसऱ्या मतानुसार, ॲडिनोमायोसिसप्रमाणे (गर्भाशयाचे अस्तर त्याच्या स्नायूत वाढण्याचा विकार) नळीचे आतले अस्तरच स्नायूत शिरते. वयात येण्यापूर्वी हा विकार क्वचितच सापडतो, हे पाहता जन्मजात उपपत्ती दुबळी वाटते. उरलेल्या दोहोंचा निकाल लागलेला नाही. एचएसजीत स्नायूतील बारीक पोकळ्या रंगद्रवाने भरून नळीच्या कडेने ठिपके उमटतात. अशा नळीतच गर्भ रुजण्याचा धोका वाढतो.

गाठींपेक्षा क्षयरोग अधिक नुकसान करतो. जननेंद्रियांच्या क्षयात नळ्या जवळजवळ नेहमीच बाधित होतात. जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे येतात. खोकला-ताप नसतो, पाळी कमी जाणे एवढीच तक्रार असू शकते. औषधांनी रोग बरा होतो, पण वणांनी आखडलेली नळी सहसा पूर्ववत होत नाही. टोक बंद होऊन पाण्याने फुगलेली नळी, म्हणजे हायड्रोसॅल्पिंक्स, असल्यास आयव्हीएफचे (शरीराबाहेर फलन करून गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचे) यश सु. निम्म्यावर येते, म्हणून ती आधी काढतात किंवा गर्भाशयाजवळ बंद करतात.

सीमाभागात खानापूरची रुग्ण बेळगावची वाट धरते, तर निपाणीला कोल्हापूर जवळ पडते. परिणामी एकाच बाईचे कागद दोन राज्यांत विखुरतात. नुसत्या अहवालाऐवजी एचएसजीची फिल्म सोबत असली, तर दुसऱ्या डॉक्टरला पुन्हा पडताळणी करता येते. नवऱ्याची वीर्यतपासणी एचएसजीच्या आधी व्हायला हवी. ती सोपी व स्वस्त असूनही मागे राहते.