कस्टमचे किती आणि कुरियरचे किती

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या आरपीजी (रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचे खेळ) खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर तोच फोटो येतो. टेबलावर परदेशातून मागवलेलं नवंकोरं हार्डबाउंड रुलबुक, म्हणजे खेळाच्या नियमांचं पुस्तक, शेजारी कुरियरवाल्याची पावती आणि खाली ओळ: 'कस्टमने अकराशे लावले. यापुढे बाहेरून काही मागवणार नाही.' त्यावर पाच-सहा जण सरकारच्या नावाने बोटं मोडतात. मी पावती मोठी करून बघतो. कस्टमचे त्यात अडीचशे-पावणेतीनशे असतात, बाकी सगळे कुरियरचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने.

शिपिंगवर मी वेळ घालवत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. ही पुस्तकं म्हणजे विटा. २०२४ चं डी अँड डीचं ('डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या आरपीजीचं) प्लेअर्स हँडबुक ३८४ पानांचं, जाड चकचकीत कागदाचं. अमेरिकेच्या टपाल खात्याने परदेशी पार्सलांचा समुद्रमार्ग २००७ मध्ये बंद केला, तेव्हापासून तिथून स्वस्त आणि संथ असा पर्यायच राहिलेला नाही. 'मीडिया मेल' नावाचा पुस्तकांचा सवलतीचा दर दिसतो तो फक्त अमेरिकेतल्या अमेरिकेत चालतो. एवढं एकच लक्षात ठेवा की हवाई कुरियर नुसतं वजन धरत नाही, खोक्याचं आकारमानही मोजतो: सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. दीड किलोचं पुस्तक ४० × ३० × १० च्या खोक्यात घातलं की ते २.४ किलोचं होतं. दुकानदाराला 'छोट्या खोक्यात घाल' असं लिहायला काही पडत नाही.

आता मूळ घोळ.

कस्टमच्या मालाच्या यादीत छापील पुस्तकाचं शीर्षक, म्हणजे वर्गाचा क्रमांक, ४९०१. त्यावर २०१९ च्या जुलैपर्यंत सीमाशुल्क शून्य होतं. त्या महिन्याच्या अर्थसंकल्पात ते ५ टक्के झालं. त्या ५ टक्क्यांच्या रकमेवर १० टक्के समाज कल्याण अधिभार, म्हणजे एकूण साडेपाच टक्के. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, आयात केलं तरी नाही. कस्टमचा पुस्तकापुरता संबंध इथे संपतो.

हे साडेपाच टक्के कशावर? पुस्तकाची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर. इथे लोक पुन्हा हाय खातात, 'म्हणजे शिपिंगवरही कर!' हो, पण पूर्ण शिपिंगवर नाही. माल विमानाने आला असेल तर मूल्यांकनाच्या नियमांप्रमाणे वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. ही मर्यादा फारच थोड्यांना माहीत असते, आणि आपल्यासारख्या, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला करणाऱ्यांच्या ती चांगलीच पथ्यावर पडते.

पुस्तक ४,००० रुपयांचं आणि शिपिंग ३,००० धरू. कस्टम शिपिंगचे ८०० च धरेल. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, म्हणजे ४५. बेरीज ४,८४५. त्याचे साडेपाच टक्के २६६ रुपये. एवढ्या पैशांत दोघांची मिसळ होते.

मग अकराशे कुठून आले? कुरियर कंपनी तुमच्या वतीने कस्टमकडे कागद दाखल करते, ते २६६ रुपये स्वतःच्या खिशातून आगाऊ भरते आणि माल सोडवून आणते. या कामाचा ती आकार लावते. पावतीवर त्याला कुठे 'अॅडव्हान्समेंट फी', कुठे 'ड्युटी हँडलिंग', कुठे 'क्लिअरन्स प्रोसेसिंग' म्हणतात. हा आकार सहसा 'भरलेल्या ड्युटीच्या अमुक टक्के किंवा किमान अमुक रुपये, जे जास्त असेल ते' असा असतो. पुस्तकाची ड्युटी इतकी कमी की टक्केवारी कधी कामाला येतच नाही, दर वेळी किमान रक्कमच लागते. तीस हजारांचा कॅमेरा मागवणाऱ्याला हा आकार दिसतसुद्धा नाही. आपल्याला मात्र तो ड्युटीच्या दुप्पट-तिप्पट बसतो. ७०० रुपये धरा. कुरियरची ही सेवा झाली, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी, १२६. झाले ८२६. त्यात २६६ मिळवा: १,०९२.

आणि तो १२६ रुपयांचा जीएसटी पावतीवर दिसला रे दिसला की एखादा हुशार 'पुस्तकावर १८ टक्के जीएसटी लावलाय' अशी आवई उठवतो. तो पुस्तकावर नाही हो, कुरियरच्या फीवर आहे!

गोंधळ का होतो तेही कळतं. दोन्ही रकमा एकाच कागदावर, दारात एकाच माणसाने मागितलेल्या, आणि तोही म्हणतो, 'साहेब, कस्टमचे एक हजार ब्याण्णव.' त्या पोराचा दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. माझ्याही पहिल्या पार्सलाला मी निमूटपणे पैसे दिले आणि महिनाभर कस्टमला शिव्या घातल्या.

हा नुसता शब्दांचा कीस नाही, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. ड्युटी टक्क्यात असते. दोन पुस्तकं मागवलीत तर ती दुप्पट होणार, त्यात वाचवण्यासारखं काही नाही. कुरियरचा किमान आकार पार्सलामागे असतो. चार पुस्तकं चार वेळा मागवली तर ८२६ चार वेळा, म्हणजे ३,३०४. चारही एका खोक्यात आली आणि ड्युटी किमान आकाराच्या टप्प्यातच राहिली, तर एकदाच ८२६. म्हणून मित्रांनी मिळून मागवा, पण वेगवेगळी पुस्तकं. एकाच पुस्तकाच्या सहा प्रती एका नावावर आल्या की वैयक्तिक वापर सोडून धंदा वाटतो, आणि मग आयात-निर्यात कोड वगैरे नको ते प्रश्न येतात.

दुसरा उपाय साधं टपाल. टपालाने आलेलं पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात उघडतं, कस्टमचा माणूस तिथेच बसलेला असतो. ड्युटी लागलीच तर पोस्टमन ती दारात घेतो, वर टपाल खात्याचा किरकोळ आकार. कुरियरसारखी सातशेची फी नाही. वेळ लागतो, ट्रॅकिंग मधेच दोन आठवडे मुकं होतं. मला चालतं. रुलबुक नाशवंत नसतं.

कस्टमला खरोखर दोष द्यावा, किंवा निदान प्रश्न विचारावा, अशी एक जागा आहे. दुकानदाराने बीजकावर 'रोलप्लेइंग गेम' लिहिलं की बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे कस्टमकडे दाखल होणाऱ्या आयातीच्या कागदात, शीर्षक ४९०१ ऐवजी ९५०४ पडू शकतं, म्हणजे खेळ. तिथे ड्युटीही जास्त आणि वर जीएसटीही. फासे, टोकन, नकाशे असलेला बॉक्स सेट असेल तर ते योग्यच आहे, तक्रार करू नका. पण नुसतं पुस्तक खेळ म्हणून गेलं असेल तर ती चूक आहे. कुरियरकडून बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागा, शीर्षकाचे पहिले चार आकडे बघा. आणि ऑर्डर देतानाच दुकानाला सांगा की मालाचं वर्णन 'छापील पुस्तक' असंच लिही. खोटं काही नाही त्यात, ते पुस्तकच आहे.

'गिफ्ट लिहायला सांग' हा सल्ला देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. भेट म्हणून ड्युटी न भरता माल आणण्याची सोय डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढेच अपवाद. किंमत कमी लिहायला सांगणारेही तसलेच. २६६ चे १३३ करायला खोटं कागदपत्र बनवायचं, आणि पार्सल हरवलं की भरपाईही त्याच अर्ध्या किमतीची.

किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन वस्तू काढायची वेबसाइट) 'ईयू फ्रेंडली शिपिंग' वाचून खूश होणारेही भेटतात. ती सोय युरोपातल्या करांपुरती आहे, ठाण्याला तिचा उपयोग नाही. ब्रिटिश दुकानाला 'व्हॅट वजा करून द्या' अशी मेल पाठवू नका, तिथे छापील पुस्तकावर व्हॅट मुळातच शून्य आहे.

आणि नियमच वाचायचे असतील तर डी अँड डीचे मूळ नियम एसआरडी ५.२ (नियमांचा संदर्भ-दस्तऐवज) म्हणून २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट आहेत. वर्षभर त्यावर खेळा, मग वीट घ्या.

सध्या आम्ही चौघं यादी जमवतोय. तीन पातळ पुस्तकं आणि एक जाडं, एका खोक्यात बसतील अशी. एकाने यादीत हळूच फाशांचा सेट घातला होता, तो मी काढून टाकला.