साफसफाई मोहीम आणि बागेतलं श्रमदान: फरक काय?

"रविवारी सकाळी सात वाजता बागेत जमायचंय, हातमोजे आणा." असा निरोप आला की पणजी असो, मडगाव असो की फोंडा, वीस-तीस माणसं हमखास येतात. गोव्यात कामाला हात लावणाऱ्यांची वानवा नाही. पण निरोपात एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते: आपण बाग झाडायला चाललोय की बाग सुधारायला?

साफसफाई मोहिमेत बागेत नको असलेलं बाहेर न्यायचं असतं. श्रमदानात जे हवंय ते दुरुस्त करायचं, लावायचं आणि जगवायचं असतं. माणसं तीच, वेळ तीच, शेवटची पातळभाजी आणि पावही तेच, म्हणून गल्लत होते. ही गल्लत मला खटकते, कारण तिच्यात चांगल्या मनाने आलेल्या लोकांची सकाळ वाया जाते.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो पालापाचोळ्यात. साफसफाईला आलेला माणूस आंब्याखालची सुकी पानं गोणीत भरतो. काही ठिकाणी कोपऱ्यात ढीग करून काडी लावली जाते. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्यालाही ५,००० रुपयांची भरपाई ठरवली, तरी ही सवय सुटलेली नाही. श्रमदानात तीच पानं माल ठरतात. रोपाभोवती त्यांचा चार बोटं जाडीचा थर द्यायचा, मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडायची. ओला पाला सालीला चिकटून राहिला तर खोड बुंध्याशीच कुजतं. आपल्याकडे चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने जमीन तापत राहते. उघडी माती दोन्ही वेळा मार खाते, आधी वाहून जाते आणि मग दगडासारखी होते. ज्या पाल्याने ती झाकली असती तोच आपण गोणीत भरून गाडीत चढवतो.

आमच्या घराजवळच्या छोट्या बागेत एका जानेवारीत असंच झालं. बोलावलं होतं स्वच्छतेसाठी. कचरा तासाभरात संपला, तेव्हा कुणीतरी आणलेली रोपं वाटली गेली. माणसं तीस, कुदळी दोन. खाली चिऱ्याची कडक जमीन, त्यामुळे खड्डे जेमतेम वीतभर झाले. लहान मुलांनी फार मन लावून माती दाबली होती. पाणी कुणी घालायचं हे मात्र ठरलंच नव्हतं. शिगम्यापर्यंत एकही रोप उरलं नाही. ती सुकलेली काटकी बघायला आलेल्या एका मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

तयारीही दोन्हींची वेगळी. साफसफाईला हातमोजे, चिमटे, गोण्या आणि फुटक्या बाटल्यांसाठी वेगळा क्रेट लागतो. ओला-सुका कचरा जागेवरच वेगळा करायचा आणि गोण्या उचलणारी गाडी आधी ठरवायची. नाहीतर रविवारच्या गोण्या सोमवारपर्यंत कुत्री फाडून टाकतात. मोहीम पावसाआधी घेतली तर करवंट्या, डबे, टायर उचलले जातात आणि डासांच्या पैदाशीला तिथेच आळा बसतो.

श्रमदानाला पालिकेची लेखी परवानगी हवी, आणि बागेचा माळी त्या दिवशी सोबत हवा. पाण्याची पाइप, दिव्यांची वायर कुठून गेली आहे हे त्यालाच माहीत असतं. गोव्यात झाडं राखण्याचा कायदा १९८४ पासून आहे. झाड तोडायला परवानगी लागते, म्हणून फांदीला कोयता लावण्याआधीही विचारून घ्यावं. पणजीतल्या चर्चजवळच्या गार्सिया द ऑर्ता उद्यानासारख्या जुन्या बागेत तर स्वयंसेवकांनी स्वतःच्या मनाने खड्डे खणूच नयेत. तिथे झाडलोट आणि माळ्याच्या हाताखालची मदत पुरे.

लोखंडी बाकाचं उदाहरण घ्या. वरवर पाहता हे अर्ध्या तासाचं काम वाटतं. प्रत्यक्षात आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, मग पॉलिशपेपर, मग कोरड्या फडक्याने पुसणं, मग रेडऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या लाल अस्तराचा) हात, तो वाळल्यावर रंग. एका बाकामागे तीन माणसांची सकाळ जाते आणि शेवटचा हात पुढच्या रविवारी. गंजावरच रंग फासला तर पहिल्याच पावसात पापुद्रे निघतात. म्हणून हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतलं, रोपं लावण्याचं जून-जुलैतलं. वनमहोत्सव १९५० पासून जुलैत होतो, त्याचं कारणही पाऊसच.

दोन्ही परंपरा आपल्याच आहेत. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आणि गोव्यात खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या शेतीचे बांध गावकरीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळण्याच्या जुन्या व्यवस्थेत लोकांनी पिढ्यान् पिढ्या राखले. बांध एकदा बांधून भागत नाही. भरतीचं खारं पाणी रोज येतं, म्हणून मातीही वरचेवर घालावी लागते. बागेतलं श्रमदान या बांधाच्या कामाच्या जवळचं आहे.

त्यामुळे साफसफाईचा हिशोब दहा वाजता गोण्या मोजून होतो. श्रमदानाचा मे महिन्यात, उभी रोपं मोजून. निरोप पाठवतानाच पाणी घालणाऱ्यांची महिनावार यादी करा, आणि मे महिन्यापुढे दोन नावं जास्त लिहा. त्या सुट्टीत अर्धी वसाहत गावी गेलेली असते.