पार्श्वभूमी: दोव्हिलचा ड्यूक, त्याचे घोडे आणि जेकरचे रोखे

ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या समुद्रकाठच्या दोव्हिलला दोन वर्षांच्या घोड्यांची १२०० मीटरची रेस होते, प्री मॉर्नी, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच की हा मॉर्नी कोण बुवा. उत्तर ठरलेलं असतं, फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याचा सावत्र भाऊ, दोव्हिल वसवणारा. चूक काहीच नाही त्यात, पण माणूस निम्मा पण कळत नाही.

आधी त्या 'सावत्र'चंच बघा. आपल्याकडे सावत्र म्हटलं की बाप एक आणि आया दोन. इथे उलटं, आई एकच, ओर्तांस, हॉलंडची राणी, आणि मॉर्नीचा बाप म्हणजे तिचा नवरा नव्हे तर एक लष्करी अधिकारी. जन्म १८११चा, नोंद तिसऱ्याच माणसाच्या आडनावावर. ते आडनाव नोंदीत एकसंध 'देमॉर्नी' असं होतं, मोठेपणी ते तोडून 'द मॉर्नी' झालं, पुढे 'काउंट' पण चिकटलं, दिलं कोणी ते विचारू नका. ड्यूक मात्र खराखुरा, १८६२ला सम्राटाने केलेला.

सुरुवातीचं पटकन उरकतो. अल्जीरियात सैन्यात, मग क्लेरमाँजवळ बीटाच्या साखरेचा कारखाना, १८४२ला त्याच भागातून खासदार. २ डिसेंबर १८५१ला भावाने, म्हणजे तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या पुढच्या नेपोलियन तिसऱ्याने, सत्ता उलटवली तेव्हा गृहमंत्री हाच, आदल्या रात्री मात्र लोकांना दिसावं म्हणून ऑपेरात जाऊन बसला होता, एवढा थंड डोक्याचा. दोन महिन्यांच्या आत राजीनामा, कारण भावाने जुन्या राजघराण्याची इस्टेट जप्त केली ते पटलं नाही. १८५४पासून मरेपर्यंत संसदेचा अध्यक्ष. मधे ग्राँ सेंत्राल रेल्वे कंपनी काढली, १८५७ला ती मोडून तिचे मार्ग दुसऱ्यांनी वाटून घेतले.

आता ज्याच्यावरून अजून वाद होतात ते. जेकर हा मेक्सिकोतला स्विस सावकार. तिथल्या यादवीत पैशाला महाग झालेल्या सरकारला त्याने रोख दिले साधारण साडेसात लाख पेसो, आणि बदल्यात रोखे काढून घेतले दीड कोटी पेसोंचे. म्हणजे पाच रुपये हातावर ठेवायचे आणि शंभरचा कागद लिहून घ्यायचा, आपल्याकडच्या सावकारालाही लाज वाटेल असा हिशोब. ते सरकार पडलं, नवीन आलं ते म्हणालं आम्ही हे मानत नाही. इथे मॉर्नी येतो. वसुलीला जोर लावायचा आणि नफ्यातले ३० टक्के घ्यायचे असं ठरलं, हे पुढे खुद्द जेकरच्याच पत्रातून बाहेर आलं. जेकर स्विस, मग त्याच्यासाठी फ्रान्स का भांडणार? तर मार्च १८६२मध्ये त्याला फ्रेंच नागरिकच करून टाकलं. गंमत म्हणजे मेक्सिकोला दिलेल्या फ्रेंच मागणीपत्रात हे रोखे जानेवारीतच घुसले होते, नागरिकत्व मागाहून! कर्जवसुलीसाठी फ्रान्ससोबत मेक्सिकोत सैन्य घेऊन आलेले इंग्रज आणि स्पॅनिश ते वाचून चाट पडले आणि एप्रिलमध्ये दोघांनीही अंग काढून घेतलं.

मग मॉर्नीच्या कमिशनपायी फ्रान्सचं मेक्सिकोशी युद्ध झालं का? विरोधक तेव्हापासून तसंच म्हणतात. मला ते जरा ताणलेलं वाटतं, सम्राटाला तिकडे स्वतःचं साम्राज्य मांडायचं होतंच. पण मॉर्नी नसता तर त्या कागदाला पॅरिसमध्ये कोणी रद्दीच्या भावानेही घेतलं नसतं, आणि हे त्याचे चाहते सोयीस्करपणे गाळतात, त्यांना फक्त घोडे आठवतात.

घोड्यांचं काम मात्र अस्सल होतं, ते नाकारून चालणार नाही. १८५७ला पॅरिसमधलं लाँगशाँचं रेसचं मैदान सुरू झालं त्यामागे हा होताच. मग ग्राँ प्री द पारी, ३००० मीटर, परदेशी घोड्यांना खुली, बक्षीस एक लाख फ्रँक, निम्मे पॅरिस शहराचे आणि निम्मे पाच रेल्वे कंपन्यांचे. रेल्वेवाल्यांच्या खिशात हात घालणं याच्याशिवाय कोणाला जमलं असतं! ३१ मे १८६३, पहिलीच रेस, आणि जिंकला कोण तर इंग्लिश घोडा, द रेंजर. स्वतःच्या पैदाशीसाठी १८६०मध्ये याने वेस्ट ऑस्ट्रेलियन नावाचा घोडा आणला होता, म्हणजे १८५३ला टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या इंग्लंडच्या तिन्ही मोठ्या रेस मारणारा पहिला घोडा. महालक्ष्मीला रेसबुक हातात घेऊन बसणाऱ्याला याची किंमत सांगायला नको.

दोव्हिल म्हणजे तेव्हा दलदल आणि वाळूचे ढीग. इंग्लिश दूतावासातला एक डॉक्टर आणि एक बँकर असे भागीदार घेऊन १८६०च्या सुमाराला जमीन उचलली, १८६३ला रेल्वे आली, १८६४ला कसिनो आणि रेसकोर्स. रेल्वे, जमीन, जुगार, घोडे, सगळं एकाच हिशोबात बसवलेलं. आणि १० मार्च १८६५ला हा गेला. दोव्हिलमधली रेस त्याने एकदाच बघितली असणार.

नंतर तर फरफटच. १८६७मध्ये फ्रान्सने मेक्सिकोत बसवलेल्या सम्राटाला गोळ्या घातल्या, त्याच साली दोव्हिलमध्ये मॉर्नीचा पुतळा उभा राहिला, आणि १८७०ला साम्राज्य कोसळल्यावर काढलाही. जेकरला १८७१च्या मे महिन्यात कम्यूनवाल्यांनी, म्हणजे तेव्हा पॅरिस ताब्यात घेतलेल्या बंडखोरांनी, भिंतीला उभं करून मारला. दोव्हिलचा समुद्र मागे सरकला, गाव ओस पडलं, घोड्यांपुरतं काय ते टिकलं, १८८७पासून तिथे एक वर्षाच्या शिंगरांचे लिलाव व्हायला लागले. १९१२ला नवा कसिनो झाला तेव्हा कुठे पैसेवाले परत फिरकले. पुतळा गेला तो गेलाच, चौकाला मात्र अजून त्याचंच नाव आहे, आणि त्या ऑगस्टमधल्या रेसला.